पंपाला किती?

जुलैत झड उघडली की तालुक्याच्या गावच्या कृषी केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. काउंटरवर कोपरं टेकवून उभी असलेली माणसं औषधाचं नाव विचारत नाहीत. "सोयाबीनच्या तणाचं द्या," एवढंच म्हणतात. बाटली हातात पडली की निघता निघता पाठीवरच्या फवारणी पंपाचा एक प्रश्न येतो, "पंपाले किती टाकू?" दुकानदार बिलावरून नजर न काढता सांगतो, "चाळीस." फारच घाई असली तर, "दोन टोपणं." माणूस वळतो, मागचा पुढे सरकतो.

हा चाळीस मिलिचा आकडा चूक आहे असं नाही. बरोबर आहे असंही नाही. तो कशाच्या भरवशावर दिलेला आहे, हे ना देणाऱ्याने सांगितलेलं असतं ना घेणाऱ्याने विचारलेलं.

मी नोकरीने अकोल्यात आणि कास्तकारीने पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या एका गावात. सुटीच्या दिवशी वावरात दिसणाऱ्याला गाव कास्तकार मानत नाही, आणि गावाचं बरोबरच आहे. पण रोज जे हातून होतं तिकडे माणसाचं लक्ष जात नाही. मी खंड पाडून येतो, म्हणून मला फवारणी दिसते. फवारणारा कसा चालतो, पाणी कुठलं घेतो, औषध कशाने ढवळतो, हे बघत धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायला मला वेळ असतो. लोक त्याला रिकामपण म्हणतात.

आधी तणनाशक का, ते सांगून टाकतो, नाहीतर शहरातला वाचक इथेच नाक मुरडेल. सोयाबीन पेरल्यापासून पहिले ३० ते ४५ दिवस पिकाचा आणि तणाचा खरा झगडा. त्या दिवसांत तण वर गेलं की नंतर कितीही स्वच्छ करा, गेलेलं उत्पादन परत येत नाही. नेमके हेच दिवस झडीचे. काळ्या मातीत डवरा घालायला वाफसा लागतो, आणि चार दिवस सूर्य दिसला नाही की वाफसा कुठून येणार? बैल रुततात. बाया निंदायला उतरल्या तर पावलागणिक पाय जड होत जातो, शिवाय उपटलेलं तण ओल्या मातीत पुन्हा मूळ धरतं. उघाड पडते तेव्हा अख्ख्या शिवाराला एकाच दिवशी बाया हव्या असतात आणि त्या तेवढ्या नसतात. अशा वेळी माणूस बाटली आणतो. त्याला आळशी म्हणणाऱ्याने एक झड आमच्याकडे काढून बघावी.

तर हिशेब. लेबलवर मात्रा हेक्टरी असते. सोयाबीनमध्ये आमच्याकडे खूप चालणारं इमॅझेथापायर १० टक्के घ्या. हेक्टरी १ लिटर, ५०० ते ६०० लिटर पाण्यात, तण दोन-चार पानांवर असताना. आमचा व्यवहार एकराचा, म्हणून दुकानात ते ४०० मिलि आणि २०० लिटर होतं. २०० लिटर म्हणजे १५ लिटरचे तेरा-सव्वातेरा पंप, पंपाला ३० मिलि. मग दुकानदाराचा चाळीस कुठून आला? त्याने एकराला दहा पंप धरले. दहा का, तर दहाने भागायला सोपं.

एकरात किती पंप बसतात हे औषध ठरवत नाही. ते फवारणाऱ्याची चाल ठरवते, नोझल ठरवतं, पंपाचा दाब ठरवतो, आणि पंप १५ लिटरचा आहे, १६ चा की २० चा, हे ठरवतं. झपाझप चालणाऱ्याने आठ पंपांत एकर उरकला तर चाळीसच्या हिशेबाने ३२० मिलि पडलं. तण पिवळं होतं, दहा-बारा दिवस मान टाकून बसतं आणि पुन्हा हिरवं होतं. मग गावभर "औषध बोगस निघालं." सावकाश चालणाऱ्याने चौदा पंप घातले तर ५६० मिलि पडलं. आता सोयाबीन पिवळं पडून खुजं राहतं. "औषध कडक होतं." बाटली तीच, आकडा तोच.

यात आणखी एक गाठ आहे, आणि ती कुठल्याही लेबलवर सापडायची नाही. आमच्याकडे फवारणीची मजुरी पंपावर असते. पंपामागे इतके रुपये. म्हणजे फवारणाऱ्याला जास्त पंप परवडतात आणि मालकाला कमी. मालक धुऱ्यावरून ओरडतो, "आठात उरकव रे!" फवारणारा नोझल जरा मोठं ठेवतो. औषधाची मात्रा ठरते ती या ओढाताणीत. कृषी विद्यापीठाच्या डायरीत पानभर तक्ते असतात, चांगले असतात, पण पंपाच्या मजुरीचा रकाना त्यांत नसतो.

यावर सोपा उपाय आहे आणि तो आपल्याच मापात बसतो. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. एकरात ४० गुंठे. दोरीने एक गुंठा आखायचा, पंपात साधं पाणी मोजून भरायचं, नेहमीच्या चालीने तेवढं फवारायचं आणि किती पाणी गेलं ते बघायचं. त्याला ४० ने गुणलं की एकराचं पाणी. आमच्याकडे फवारायला येणाऱ्या पोराला पहिल्यांदा हे करायला लावलं तेव्हा त्याने शांतपणे विचारलं, "साध्या पाण्याचे पैसे भेटतीन का भाऊ?" भेटतील म्हटल्यावर दोरी धरली. गुंठ्याला ४ लिटर गेले. म्हणजे एकराला १६० लिटर, पावणेअकरा पंपांच्या आसपास, पंपाला सदतीस-अडतीस मिलि. दुकानदाराचा चाळीस त्या दिवशी, त्या पोराच्या चालीला, जवळजवळ बरोबर निघाला. पोरगा माझ्याकडे बघून हसला. पण पुढच्या हंगामात दुसरा एक गडी आला, वयाने मोठा, जपून चालणारा. त्याचे गुंठ्याला ६ लिटर गेले. एकराला २४० लिटर, १६ पंप, पंपाला २५ मिलि. त्याच्या हातात चाळीस दिले असते तर एकरावर ६४० मिलि ओतलं गेलं असतं. मोजमापाला टोपण नको, हे त्यातच आलं. बाटलीबाटलीचं टोपण वेगळं. औषधाच्या दुकानात मिळतो तसा खुणांचा प्लास्टिकचा ग्लास घ्यावा आणि तो घरात परत नेऊ नये.

पाण्याचं प्रकरण आमच्या पट्ट्यात जास्तच नाजूक. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाण्याचा हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि बऱ्याच ठिकाणी साबणाला फेस येत नाही. ज्या पाण्यात फेस येत नाही त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार भरपूर, आणि ग्लायफोसेट नावाचं तणनाशक हे क्षार धरून बसतं. पंपात औषध पूर्ण असतं, पण पानात शिरण्याजोगं कमी उरतं. नाल्याचं गढूळ पाणी त्याहून वाईट. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. म्हणूनच जमिनीवर पडलं की ते पेरलेल्या बियाला सहसा त्रास देत नाही. पण तीच माती पंपात आधीच असेल तर औषध पंपातच मरतं. धुरा फवारायला निघालेला माणूस नाल्यातून बादली बुडवून पाणी घेतो, आणि हराळी मेली नाही की पुढच्या वेळी मात्रा दुप्पट करतो.

या दुप्पट मात्रेच्या जोडीला पंपात काय काय जातं? मीठ, युरिया, कपडे धुवायची पावडर. मिठाने पाण्याचा जडपणा जात नाही, उलट आमच्याकडे मिठाची काय कमी आहे! जड पाण्यावर खरा उतारा अमोनियम सल्फेट. ते आधी पाण्यात पूर्ण विरघळवायचं आणि मगच औषध. किंवा सरळ गोडं पाणी घ्यायचं. आम्ही नळाचं पाणी ड्रममध्ये भरून वावरात नेतो. पिण्याचं पाणी तणावर मारता म्हणून घरात बोलणी बसतात, आणि त्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

कालवण्याची पद्धत एका वाक्याची आहे, तरी रोज मोडली जाते. पंप आधी अर्धा पाण्याने भरावा, औषध वेगळ्या बादलीत थोड्या पाण्यात काठीने ढवळावं, मग ओतावं आणि वर उरलेलं पाणी. भुकटी असेल तर ती आधी, तेलकट औषध तिच्या नंतर, पानाला चिकटवणारं स्टिकर सगळ्यात शेवटी. आमच्याकडे मात्र "एका फेरीत सगळं" अशी हौस. तणनाशक, अळीचं औषध, टॉनिक आणि वर एखादं १९:१९:१९ खत. कधी कधी सगळं मिळून दूध नासावं तसं फाटतं, नोझल तुंबतं, आणि फवारणारा नोझल काढून तोंडाने फुंकतो. हे मी लिहितो आहे तेव्हाही कुठेतरी कोणीतरी फुंकत असेल. काय कशात मिसळतं याची शंका असेल तर आधी काचेच्या बाटलीत थोडं थोडं करून अर्धा तास ठेवून बघावं. ढवळायला हात घालू नये हेही लिहायला लागतं, कारण पेंडीमिथॅलिन या पिवळ्या तणनाशकाचे दिवस आले की गावातल्या निम्म्या गड्यांचे तळवे पिवळे दिसतात.

पेंडीमिथॅलिन मात्र मला बघायला आवडतं. ते पेरणीनंतर लगेच, पीक आणि तण दोन्ही जमिनीच्या आत असताना मारायचं. ओलीवर त्याचा थर बसतो आणि तो पायाने मोडू नये म्हणून माणूस मागे मागे सरकत फवारतो. रस्त्याने जाणाऱ्याला वाटावं की हा वावराला पाठ न दाखवता निरोप घेतोय. वावर कोरडं असेल तर तो सगळा सोहळा वाया.

नोझलचं आणि वाऱ्याचं पुराण मोठं आहे, पण त्यातून आमच्या गावात दोन घरांचं बोलणं बंद झालंय म्हणून थोडं सांगतो. किडीच्या औषधाला बारीक थेंब लागतात, तणाच्या औषधाला जाड. म्हणून तणाला सपाट पंख्यासारखी धार पाडणारं नोझल हवं, किंवा फ्लडजेट म्हणतात ते. आणि वर प्लास्टिकची टोपी. पेट्रोलवरचा पंप तणाला वापरूच नये, त्याने औषधाचा धूर होतो आणि तो धूर कुणाचा धुरा मानत नाही. एकाने ज्वारीतलं रुंद पानाचं तण मारायला २,४-डी फवारलं. कपाशीला त्याचं वावडं इतकं की नुसत्या उडालेल्या शिंतोड्याने पानं बारीक होऊन बोटांसारखी फाटतात, भेंडीच्या पानाची आठवण व्हावी अशी. शेजाऱ्याची पऱ्हाटी आठ दिवसांत तशी झाली. आधी सगळे म्हणाले व्हायरस. त्याने व्हायरसचं म्हणून दोन फवारे मारले, पैसे घातले. मग कोणीतरी जाणता आला, पानं वाऱ्याच्या दिशेने ओळीत बिघडलेली त्याने दाखवली, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरांच्या बैलजोड्या पोळ्याच्या तोरणाखाली दोन टोकांना उभ्या राहतात. वारा नसला तरी हे होतं, पंप न धुतल्याने. आदल्या दिवशी त्याच पंपाने २,४-डी मारलेलं असतं. म्हणून तणाचा पंप वेगळा ठेवावा. आमच्या पंपावर लाल ऑइलपेंटने "तण" असं लिहिलंय. एवढा स्वस्त विमा दुसरा नाही.

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. शेतकरी होते, मजूर होते. ती मुख्यतः कीटकनाशकांची फवारणी होती, डोक्याइतक्या वाढलेल्या पऱ्हाटीत घुसून केलेली. त्यानंतर गावोगाव मास्क, हातमोजे वाटले गेले. पण तणनाशकाच्या बाबतीत लोक निर्धास्त राहिले, कारण ते खाली, गुडघ्याच्या आत मारायचं असतं. नाकात जात नाही, मग काय होतं? होतं असं की पंपाचं झाकण गळकं असतं आणि शर्टाची पाठ दिवसभर ओली राहते. वावरातून अनवाणी चालताना पोटऱ्या भिजतात. पॅराक्वाटसारख्या औषधाला तर उताराच नाही. पोटात गेलं तर डॉक्टरकडेही फारसं करण्यासारखं उरत नाही. ते पाण्याच्या जुन्या बाटलीत काढून ठेवलेलं मी पाहिलंय, गोठ्यात, लेकरांच्या हाताला येईल असं.

ग्लायफोसेटच्या कायद्याबद्दल दोनच ओळी, कारण त्यावर भांडायला दुसरे पुष्कळ आहेत. हे औषध पानावर पडलं की मुळापर्यंत जातं आणि झाडाला लागणारी काही अमिनो आम्लं बनवणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतं. नोंदणी त्याची चहाचे मळे आणि पडीक जागा यांच्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये त्याला "बहुधा कर्करोगकारक" म्हटलं, केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं अशी अधिसूचना काढली. आणि आमच्याकडे ते उभ्या कपाशीत मारतात, कारण "चोर बीटी". ते सहन करणारं हे बियाणं देशात मंजूर नाही, तरी मिळतं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहाँगीरला शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून दाखवलं होतं. मला त्यात धोका वेगळाच दिसतो. मान्यता नसलेल्या वापराला लेबलवर मात्राच नसते. तिथे पंपाला किती, हे सांगायला कोणी बांधील नाही.

बाटलीला तणाच्या दोनच जाती कळतात, रुंद पान आणि अरुंद पान. क्विझॅलोफॉप गवत मारतं, रुंद पानाला हात लावत नाही. पायरीथायोबॅक कपाशीतलं रुंद पान मारतं, आणि लेबल कपाशीचंच नाव घेतं. मधल्या तुरीच्या तासाबद्दल, म्हणजे ओळीबद्दल, गप्प. निंदणाऱ्या बाईला मात्र वावरातलं प्रत्येक रोप ओळखीचं असायचं. तिची पात पुढे सरकली की मागे पऱ्हाटी राहायची, तूर राहायची, कुठे मधेच उगवलेली अंबाडी, एखादा वाळकाचा वेल, बरबटी. आणि ओच्यात तांदुळजा, घोळ, कुंजरू, कोवळा तरोटा. ते तण होतं की भाजी, हे रोपाच्या वयावर ठरायचं आणि ठरवणारी ती.

केन्याचं उदाहरण मला सारखं आठवतं. केना तोडला की तुकड्यातुकड्याने पुन्हा लागतो, म्हणून बाया तो वावरात टाकत नसत; गोळा करून धुऱ्याबाहेर नेऊन टाकत. ग्लायफोसेटला केना फारसा दाद देत नाही. त्याच औषधाचे दोन-चार हंगाम झाले की बाकीचं सगळं जातं आणि केन्याला मोकळं रान मिळतं. आमच्या खालच्या बांधाला आज तोच पसरलाय, निळ्या फुलांचा. बाटली सोडून देते तेच नेमकं बाया उचलून नेत होत्या.

यंदा ठरवलं की तुरीच्या तासांकडचे दोन एकर निंदून घ्यायचे, बाकी फवारायचं. बाया आणणाऱ्या मावशीला सांगितलं. तिने हिशेब केला आणि मान हलवली. "दोन एकराले दोन दिवसाच्या वर काम नाई. ऑटोवाला हप्ताभराचं इचारते. लावायचं असन तं सगळं वावर लाव, नाई तं राहू दे बाप्पा." सगळं वावर निंदायची माझी ऐपत नाही. तिचंही चूक नाही. गावं फिरून बाया जमवायच्या तर ऑटो भरला पाहिजे, आणि फवाऱ्यामुळे तिचा हंगाम आधीच अर्ध्यावर आलाय. ज्यांनी सगळं वावर फवाऱ्यावर घातलं त्यांना दोन एकराला बाया मिळणार नाहीत, हे दुकानदार सांगत नाही.

शेवटी गावातल्याच तिघी तयार झाल्या, ऑटोत चढायचं वय गेलेल्या. आपल्या चालीने येतात, झड असली की येत नाहीत. त्यांची एकच अट होती. "कोन्या तासात मारलं ते आधी सांगजो. मारलेल्या वावरातली भाजी आम्ही घरी नेत नाई." म्हणून तिसऱ्या तुरीच्या तासावर तुऱ्हाट्या रोवून त्यांना पांढऱ्या पिशव्या बांधल्या आहेत. अलीकडे त्या तिघी, पलीकडे पोरगा आणि लाल अक्षरांचा पंप. परवा तो गुंठा मोजून, औषध कालवून तयार होता, तेवढ्यात वारा सुटला, तोही त्या तिघींच्या दिशेने. मी पंप खाली ठेवायला लावला. कालवलेलं औषध दिवसभर तसंच राहिलं, ते दुसऱ्या दिवशी वापरायचं नव्हतं म्हणून पडीक कोपऱ्यात मारून संपवलं. पोराची मजुरी पंपावर, आणि त्या दिवशी पिकात एकही पंप झाला नाही. तो म्हणतो अर्धा रोज तरी द्या. आमच्याकडे न मारलेल्या पंपाचा दर अजून कोणी काढलेला नाही, त्यामुळे आमचं बोलणं चालू आहे.